आधी ऐका, मग वाचा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य वाचायचं तर सुरुवात कुठून करावी, असं मला वाचनवेडी मुलं विचारतात. तुम्ही रेडिओ ऐकणारी माणसं, म्हणून आज आवाजापासूनच सुरुवात करते.

१९४९ साली बाल्टिमोर शहरात फाउंटन ह्यूज नावाच्या एका वृद्ध गृहस्थांची मुलाखत ध्वनिमुद्रित झाली. ते आपलं वय १०१ सांगतात. आपले आजोबा थॉमस जेफरसन यांच्या मालकीचे होते, असंही सांगतात. सर्व माणसं समान जन्माला येतात असं ज्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिलं, तेच हे जेफरसन! ह्यूज स्वतः गुलामीत जन्मले. निजायला जमिनीवर अंथरलेली पथारी, कुठे जायचं तर मालकाची चिठ्ठी हवी, हे सगळं ते संथपणे सांगत जातात. मध्येच, उधारीवर वस्तू घेऊ नका, पैसे साठेपर्यंत थांबा, असा घरातल्या आजोबांसारखा उपदेशही करतात. आणि मग विचारलेल्या एका प्रश्नावर म्हणतात, पुन्हा गुलाम व्हायची वेळ येणार असं वाटलं, तर मी बंदूक घेऊन तिथल्या तिथे जीव संपवीन, कारण गुलाम म्हणजे निव्वळ कुत्रा.

हे ध्वनिमुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य ऐकता येतं. उच्चार सुरुवातीला कानाला जड जातात, पण संहिता सोबत आहे. ती समोर ठेवून ऐका.

हा आवाज कानात असला की गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ सालचं आत्मकथन वेगळंच वाचलं जातं. मालकीणबाई लहान फ्रेडरिकला मुळाक्षरं शिकवू लागल्या, तेव्हा मालकाने ते बंद पाडलं. गुलाम वाचायला शिकला की तो गुलामीच्या कामाचा राहत नाही, हे मालकाचं कारण. मग या पोराने काय करावं? खिशात पाव घेऊन रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना गाठायचं, त्यांना पाव द्यायचा आणि बदल्यात अक्षरं शिकून घ्यायची. सावित्रीबाईंच्या महाराष्ट्रात हे पान कोरड्या मनाने कोण वाचू शकेल? जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांनाच.

दुसरं पुस्तक कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन यांचं ‘बॅराकून’. आफ्रिकेतून पळवून आणलेले कोसोला १८६० साली ‘क्लोटिल्डा’ जहाजातून अलाबामात उतरवले गेले. गुलामांची आयात कायद्याने बंद होऊन तेव्हा पन्नासहून अधिक वर्षं लोटली होती. कोसोला म्हातारपणी एकटे राहत होते. हर्स्टन त्यांच्याकडे कधी पीच, कधी कलिंगड घेऊन जात. त्यांनी मूळ आफ्रिकी नावाने हाक मारली, तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. हर्स्टन यांनी त्यांची कहाणी त्यांच्याच बोलीत लिहिली. बोली बदला, असं प्रकाशकाने सांगितलं. बाई बधल्या नाहीत आणि पुस्तक छापून यायला २०१८ साल उजाडलं. प्रमाणभाषेसाठी आपली बोली खरवडून टाकावी लागलेल्या कुणालाही या हट्टाची किंमत कळेल.

आता बाबासाहेबांच्या एका पत्राविषयी. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. त्यात ते म्हणतात की अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे, की निग्रोंच्या स्थितीचा अभ्यास करणं आपल्याला स्वाभाविकच नव्हे, तर आवश्यक आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या ग्रंथालयाने द्यु बॉइस यांची कागदपत्रं ऑनलाइन ठेवली आहेत. त्यात हे पत्र आणि त्याला आलेलं आपुलकीचं उत्तर, दोन्ही वाचा. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावही तिकडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेवरूनच आलं.

कादंबऱ्यांकडे वळायचं तर टोनी मॉरिसन हव्यातच. १९९३ चं नोबेल त्यांना मिळालं. ‘बिलव्हेड’ श्रेष्ठ आहे यात वाद नाही, पण सुरुवात तिने करू नका, अर्ध्यावर सुटेल. १९७० ची ‘द ब्लूएस्ट आय’ आधी घ्या. आकाराने छोटी आहे. त्यातली पेकोला ही काळी मुलगी देवाकडे निळे डोळे मागते. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती पाहत वाढलेल्या आपल्या मुलींच्या हातात ही कादंबरी द्याच, मात्र मोठ्या झालेल्या मुलींच्या, कारण त्यात अत्याचाराचे प्रसंग आहेत.

आणि एवढं वाचून मन जड झालं, तर ‘समर ऑफ सोल’ हा २०२१ चा माहितीपट लावा. १९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये झालेल्या संगीत महोत्सवाचं चित्रीकरण जवळपास पन्नास वर्षं पडून होतं. त्यात महालिया जॅक्सन आणि मेव्हिस स्टेपल्स एकत्र गातात. तो भाग मोबाइलच्या स्पीकरवर नको, चांगल्या हेडफोनवर ऐका आणि आवाज थोडा मोठाच ठेवा.

नमस्कार.