गोळी लागायची वेळ

(दृश्य : मिरज, सतारमेकर गल्ली. छताला टांगलेले भोपळे.)

पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून हे कडू भोपळे येतात. छताला टांगून ते खणखणीत वाळवतात, मग त्यांना दांडी बसते, तबली म्हणजे तोंडावरची लाकडी झाकण-पट्टी चढते आणि तंबोरा उभा राहतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

(दृश्य : मांडीवरचा उजवा हात, जवळून.)

तंबोरे घडवणाऱ्या चाचांचा हात मांडीवर आहे. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरताहेत, विडी वळावी तशी. सेकंदाला चार-पाच वेळा. चाचा ते मुद्दाम करत नाहीत.

आता याच हातानं कानस उचलली. बघा, कंप थांबला.

पार्किन्सनचा कंप बहुतेकदा असाच असतो. हात रिकामा असला की येतो, कामाला लागला की ओसरतो. म्हणून गल्लीत बरेच दिवस सगळे म्हणत राहिले, काम तर झकास चाललंय, मग आजार कसला?

आणि काम कसलं, तर जवारीचं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून सूर भरायचं. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला डोळ्याला न कळणारा उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते, म्हणून सूर भरून येतो. कानस एकदा फिरवायची, तार चढवायची, कान लावायचा. नाही जमलं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. अशी सकाळ जाते. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवायचा. तो केसभर इकडेतिकडे झाला तरी आवाज मिटतो. हात आजही चुकत नाही. पण वेळ दुप्पट लागतो. कंपापेक्षा हा मंदपणाच या आजाराची खरी ओळख आहे. कित्येकांना तर कंप नसतोच.

(दृश्य : हिशोबाच्या वहीची पानं उलटताना.)

ही दुकानाची वही. सुरुवातीच्या पानांवरचं अक्षर टपोरं आहे. पुढं ते आक्रसत जातं, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं. आजार या वहीत आधी उमटला, पण तो कुणी वाचलाच नाही. त्याच्याही आधी चाचांना स्पिरिट पॉलिशचा वास येईना. झोपेत हातपाय झाडू लागले. पोट साफ होईना. खांदा आखडला, तर एका ठिकाणी वर्षभर खांद्यावरच उपचार झाले. "वय झालं आता" या तीन शब्दांत किती जणांची किती वर्षं वाया जातात! आमचं कळकळीचं सांगणं आहे : चालताना एकच हात हलायचा थांबला, चेहरा मख्ख वाटू लागला, आवाज खाली गेला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. साध्या रक्ततपासणीत हा आजार सापडत नाही. डॉक्टर बोटांची टकटक बघतात, मनगट फिरवून ताठरपणा बघतात, चालायला लावतात.

मेंदूच्या मध्यभागी काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो. हालचाल सुरळीत ठेवणारं डोपामिन तिथं तयार होतं. लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सननं 1817 मध्ये या आजाराचं वर्णन लिहिलं. आपल्याकडचा शब्द कंपवात. त्यावर वैद्य खाजकुयलीचं बी देत आले, आणि त्या बियांत आजच्या गोळीतलं औषध, लेव्होडोपाच असतं. पण म्हणून घरी चूर्ण खात बसू नका, मात्रेचा अंदाज येत नाही.

(दृश्य : भिंतीवरचं घड्याळ, स्टीलची वाटी, गोळी.)

"अब्बा, सात वाजले."

सूनबाईंच्या हातात लेव्होडोपाची गोळी. डोपामिन नुसतं दिलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि आत जाऊन डोपामिन होतं. सोबतचं कार्बिडोपा त्याला वाटेतच खर्ची पडू देत नाही. डाळ, अंडं, मटण यांतली प्रथिनं शोषण्याच्या वाटेवर लेव्होडोपाशी स्पर्धा करतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास. सात, अकरा, तीन, सात. या घराचं सगळं वेळापत्रक त्याभोवती आहे. सूनबाई म्हणतात, "गोळी लागली की अब्बा आमचे, उतरली की खुर्चीचे."

गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, एक दिवसही नाही.

(दृश्य : उंबरठा. पाय थबकलेले. नातू टाळ्या वाजवतोय.)

दारात आले की पाय जमिनीला चिकटतात. ओढू नका, ढकलू नका. नातू टाळीवर ठेका धरतो, एक-दोन, एक-दोन, आणि पाऊल उचलतं. फरशीवर ऑइलपेंटच्या या पांढऱ्या आडव्या रेघा मुलानं मारल्यात. रेघ ओलांडायची म्हटलं की पाय ऐकतो. सपाट खोलीत अडखळणारे चाचा कृष्णाघाटाच्या पायऱ्या मात्र मुलाचा हात धरून उतरतात. रोज चालणं, मोठ्यानं वाचणं, हे गोळीइतकंच औषध आहे.

आजार वाढत जातो. तोल जातो, गिळताना ठसका लागतो, उदासी येते, काहींची स्मरणशक्ती क्षीण होते. निवडक रुग्णांना मेंदूत तार बसवायच्या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो.

(दृश्य : पुन्हा दुकान. दहा पन्नास.)

दोरा आता मुलगा सरकवतो. चाचा डोळे मिटून ऐकतात. "अजून. अजून थोडा. मागं घे." हात मांडीवर आहे, आणि फिरतोय.

"अब्बा, अकरा."

"थांब. हा सूर लागू दे."

(निवेदन थांबतं. तंबोरा.)