पृथ्वीला गिरकी दिली कुणी?

नमस्कार मंडळी. विषुववृत्तावर उभा असलेला माणूस पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगानं फिरत असतो. आपण इंदूरकर थोडे उत्तरेला, तरी दीड हजाराच्या वरच. राजवाड्यापुढच्या गर्दीत स्कूटर जागची हलत नाही, ते सोडा. प्रश्न असा की पृथ्वीला ही गिरकी दिली कुणी?

उत्तराआधी एक किस्सा. आमच्या कॉलनीतला गणेशोत्सव. आरती झाली, सत्कार सुरू झाले. हार, शाल, श्रीफळ, मग सत्कार करणाऱ्याचाही सत्कार! हे कुणीतरी आवरायला हवं हो. तर उरल्यासुरल्या वेळात मला मुलांना एक प्रयोग दाखवायचा होता. एका वकिलांकडची जुनी फिरती खुर्ची आणली, छर्ऱ्यांना तेल घातलं, आणि किराणावाल्याकडून पाच-पाच किलोची दोन लोखंडी वजनं मागून आणली. बसवायचं होतं एखाद्या मुलाला. पण मंडळाचे अध्यक्ष अण्णा म्हणाले, "मास्तर, मीच बसतो." अध्यक्षांना नाही कोण म्हणणार?

दोन हातांत दोन वजनं, हात बाजूंना पसरलेले. पोरांनी खुर्ची हळूच फिरवली. मी म्हटलं, "अण्णा, आता वजनं छातीशी घ्या." त्यांनी घेतली, आणि खुर्ची अशी भिरभिरली की सत्काराची शाल उडून पेटीवर जाऊन पडली! अण्णा घाबरले, वजनं आणखीच घट्ट कवटाळून बसले. मी ओरडतोय, "हात पसरा, हात पसरा!" आणि स्पीकरवाल्यानं नेमकं तेव्हाच गाणं लावलं. इतक्यात बायकांच्या बाजूनं काकू उठल्या, "अहो, टाका ना ती वजनं खाली!" काकूंचं अण्णांनी कधी मोडलं नाही. धाड, धाड, दोन्ही वजनं सतरंजीवर. पण वेग? तसूभर कमी झाला नाही! वजनांनी आपापल्या वाटचं फिरणं नेलं, अण्णांचं अण्णांकडेच राहिलं. शेवटी दोघांनी पाठ धरून खुर्ची थांबवली. खाली उतरल्यावर अण्णांचा पहिला प्रश्न, "मधेच मला ढकललं कुणी?"

कुणीच नाही. फिरणाऱ्या वस्तूचा पसारा आकसला की तिचा वेग आपोआप वाढतो. पुन्हा सांगतो, पसारा आकसला की वेग वाढतो. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी आपली सूर्यमाला म्हणजे वायू आणि धुळीचा अफाट ढग होता. कण वाटेल तिकडे निघालेले. त्या सगळ्या हालचालींची एकमेकींशी बरोब्बर वजाबाकी होऊन बाकी शून्य उरणं जवळपास अशक्य. किंचित फेर उरलाच. ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं आकसत गेला, तसा फेर वाढला, ढगाची चपटी तबकडी झाली आणि तिच्यातून ग्रह घडले. म्हणून तर सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेनं जातात, आणि बहुतेक स्वतःभोवतीही त्याच दिशेनं फिरतात. शुक्र तेवढा उलटा, तोही रेंगाळत, एका गिरकीला २४३ दिवस. युरेनस तर आडवाच पडलाय. त्याला कुणाची तरी मोठी धडक बसली असावी असं मानतात. गुरू एवढा धिप्पाड, पण त्याची गिरकी दहा तासांच्या आत पुरी.

आकसण्याची कमाल ऐकायचीय? १०५४ साली चिनी ज्योतिषांनी एका ताऱ्याचा स्फोट पाहून ठेवला. त्या ताऱ्याचा उरलेला गाभा आज जेमतेम वीसेक किलोमीटरचा आहे, आणि सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेतो. सेकंदाला!

आता, हे सगळं थांबत का नाही? अण्णांची खुर्ची धरायला दोघं होते. अंतराळात धरणार कोण? अगदीच कुणी नाही असंही नाही म्हणा. चंद्राच्या ओढीनं समुद्राला भरती येते, आणि ते पाणी पृथ्वीला बारीकसा ब्रेक लावत राहतं. दिवस शतकाला साधारण दोन मिलिसेकंदांनी लांबतो. पृथ्वी जे फिरणं गमावते ते चंद्राच्या खात्यात जमा होतं, आणि चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर आपल्यापासून लांब सरकतो. नमस्कार.