चिखल्या आणि बटणाएवढी गोगलगाय

श्रोतेहो, नमस्कार.

रत्नागिरीच्या भाट्याच्या पुळणीवर थंडीत दोन जीव भेटतात. एक चिखल्या पक्षी: तुरुतुरु धावायचं, थबकायचं, टोच मारायची, पुन्हा धावायचं. दुसरी शर्टाच्या बटणाएवढी चपटी, गुळगुळीत गोगलगाय. तिचे रिकामे शंख तुम्ही लहानपणी वेचलेच असतील. शास्त्रज्ञ तिला अंबोनियम म्हणतात. चिखल्या लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. गोगलगाय एकदा वाळूत रुजली की तिचं गाव तेच. पण घड्याळ दोघांचं एकच, भरती-ओहोटीचं.

एकदा आत्याबरोबर तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला गेले होते. तृतीया होती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तिनाची पाऊणपट सव्वादोन, तेव्हा भरती; म्हणजे साडेआठच्या सुमारास ओहोटी. आत्यानं चालता चालता हिशेब केला. ही पाऊणकी कोकणातल्या प्रत्येक शाळेत शिकवायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. मोबाइलवर ओहोटी शोधणारी मुलं चंद्राकडे बघतच नाहीत.

तर आत्यानं वाळू उकरून एक गोगलगाय माझ्या तळव्यावर ठेवली, वर ओंजळीतलं खारं पाणी सोडलं. म्हणाली, "हलू नको हां गो."

शंखाच्या तोंडाशी गोल, पातळ, तपकिरी झाकण घट्ट बसलेलं. मी श्वास रोखून बसले. बऱ्याच वेळानं झाकण सरकलं, मऊ पाय बाहेर आला, केसासारख्या दोन मिशा हलल्या. तेवढ्यात दहा हातांवर एक चिखल्या येऊन थांबला. एक पाय ओल्या वाळूवर ठेवून त्यानं थरथर थरथर हलवला, शिलाई मशिनच्या सुईसारखा! वाळूतला किडा हलला आणि चोचीत गेला. मी नकळत वळले, तो उडाला. तळव्यावरचं झाकण बंद!

आत्या म्हणाली, "त्याची पंगत आता, हिची पाणी चढल्यावर."

अगदी खरं. ओहोटीला वाळू उघडी पडते, तेव्हा चिखल्या जेवतो. भरतीच्या पाण्यातले बारीक कण गाळून गोगलगाय जेवते. पुन्हा सांगते: ओहोटी त्याची, भरती तिची.

पहिली लाट पायाला लागली तशी मी तिला खाली ठेवलं. थोड्याच वेळात ती वाळूत दिसेनाशी झाली. वर कोरड्या पुळणीवर सगळे चिखल्या वाऱ्याकडे तोंड करून उभे होते, कुणी कुणी एका पायावर.