तिवरांपासून येऊरपर्यंत: ठाण्याचे वटवटे

ऐरोलीजवळ ठाणे खाडीच्या काठी ओहोटी लागली, की सगळ्या दुर्बिणी चिखलावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांकडे वळतात. या खाडीचा काही भाग 2015 मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. मात्र पाहणाऱ्यांच्या पाठीमागे, तिवरांच्या गर्दीतून, कुणी कडाक्याचे भांडत असावे असा खरखरीत आवाज येत राहतो, तो बुलबुलाएवढ्या आकाराच्या दंगेखोर बोरू वटवट्याचा. खारफुटी आणि पाणकणसांची बेटे ही त्याची घरे असून तो दिसण्याआधी बराच वेळ नुसता ऐकू येतो.

वटवट्या हे या लहान पक्ष्यांच्या गटाचे नावच मुळी आवाजावरून पडलेले आहे आणि ते योग्यही आहे. मातकट, हिरवट, भुवईवर फिकट रेघ असे यांतल्या बहुतेकांचे रूप असल्याने रंगावरून ओळख पटवू पाहणारा नवखा निरीक्षक हमखास फसतो. त्याने आधी जागा पाहावी, मग कान द्यावा.

खारघरच्या मोकळ्या भूखंडांवर पावसाळ्यात माजलेल्या गवताझुडपांत राखी वटवट्या वर्षभर राहतो. शेपटी उभारून तो या काडीवरून त्या काडीवर जातो आणि उडताना चटचट असा आवाज करतो. कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरून तो पाने शिवतो आणि त्या द्रोणात विटेसारखी तांबडी, तकतकीत अंडी घालतो. शिवणकामाची सगळी कीर्ती शिंपी पक्ष्याकडे गेली, हा या पक्ष्यावर थोडा अन्यायच म्हणावा लागेल.

येऊरच्या जंगलात मात्र मान वर करावी लागते. सप्टेंबरपासून येथे येणारा हिरवट पर्णवटवट्या दहा ग्रॅमांहूनही हलका असतो आणि उंच झाडांच्या शेंड्यांतील पाने धुंडाळत किडे टिपतो. त्याचा ‘ची-वी’ असा दुहेरी स्वर ऐकू आला नाही, तर तो आहे हेही कळत नाही. हिमालयापासून सैबेरियापर्यंत त्याची वीण होते. तिबेटच्या पठाराला दोन्ही बाजूंनी वळसा घालून उत्तरेकडे पसरलेल्या त्याच्या शाखा सैबेरियात पुन्हा भेटतात, पण तोवर त्यांची गाणी इतकी बदललेली असतात, की त्या एकमेकींत सहसा जोडीदार शोधत नाहीत. पक्षीही एकमेकांना आवाजावरूनच ओळखतात, असे दिसते.

सोसायटीच्या कुंपणाशी वाढलेल्या झुडपात दडून हिवाळाभर ‘चक्, चक्’ करणारा पाहुणा म्हणजे ब्लिथचा बोरू वटवट्या. बोरूचा, म्हणजे पाण्याकाठच्या उंच गवताचा, आणि याचा फारसा संबंध नाही. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लिथ यांनी 1849 मध्ये त्याला दिलेल्या शास्त्रीय नावातील ‘ड्युमेटोरम’ म्हणजे झुडपांचा, आणि तेच खरे आहे. म्हणूनच सुशोभीकरणाच्या नावाखाली कुंपणाकडेची झुडपे साफ केली, की तो तेथून नाहीसा होतो. जेथे ती टिकून आहेत, तेथे परतीच्या प्रवासाआधी, उन्हाळा लागताना, त्या एकसुरी ‘चक्’च्या मध्येच हलके गाणे सुरू होते, आणि त्यात इतर पक्ष्यांच्या आवाजांच्या नकला बेमालूम मिसळलेल्या असतात. मग एके सकाळी झुडूप गप्प होते.