पोलीस गाडी दान घेताना: छप्पर, वायरी आणि आरसी

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय ‘निवृत्त पोलीस वाहन संस्थेला मिळवण्याची कायदेशीर पद्धत’ असा छापला आहे. कायद्याकडे येणारच आहे. पण आधी आपण गाडीजवळ जाऊ, कारण बहुतेक संस्था गाडी बघतच नाहीत. साहेब किल्ली देतात, विश्वस्त ती घेतात, हार घातलेल्या बॉनेटसमोर फोटो निघतो आणि आठवड्याभरात गाडी गॅरेजला जाते ती तिथलीच होते. देणाऱ्याची भावना चांगली, घेणाऱ्याची गरज खरी, आणि तरी गाडी उभी. हे जिवाला लागण्यासारखं आहे, आणि ते टाळता येतं.

सुरुवात छपरापासून करा. टायरला लाथ मारून काही कळत नाही. लाइटबार, म्हणजे छपरावरचा दिव्यांचा पट्टा, बसवताना छपराला भोकं पाडलेली असतात: चार बोल्टची, एक वायरीचं, आणि बहुधा अँटेनाचं सहावं. गाडी देताना लाइटबार काढावाच लागतो, कारण तसा लाल-निळा दिवा संस्थेच्या गाडीवर चालत नाही. मग काढणारा माणूस भोकांवर एम-सील थापतो आणि वरून रंगाचा हात मारतो. दिसायला झकास. पण एम-सील दगडासारखं कडक होतं आणि पत्रा दिवसा तापून फुगतो, रात्री आकसतो. एका उन्हाळ्यात दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. पावसाळ्यात तिथून पाणी शिरतं, पण डोक्यावर ठिबकत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ते छताच्या कापडात मुरतं, पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून उतरतं आणि डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सपर्यंत पोचतं. पुढे कधी वायपर आपोआप चालू, कधी हेडलाइट बंद. मेकॅनिक महिनाभर वायपरची मोटर बदलत बसतो आणि दोष छपरावर असतो.

म्हणून गाडी घेण्याआधी छपरावर दोन बादल्या पाणी सावकाश ओता. दहा मिनिटं थांबा. मग आत बसून छताच्या कापडाला तळहात लावत जा, विशेषतः पुढच्या दोन कोपऱ्यांत. ओल लागली तर दुरुस्ती अशी: एम-सील पूर्ण खरवडायचं, भोकाची कड चकचकीत पत्र्यापर्यंत घासायची, आतून पत्र्याचा तुकडा लावून छोटे छोटे टाके मारायचे, मग प्राइमर, सीलंट आणि रंग. सलग वेल्डिंग करू देऊ नका. छपराचा पत्रा पातळ असतो, उष्णतेने पापडासारखा वाकडा होतो.

रंगावरून आठवलं. दारावरची ‘पोलीस’ ही अक्षरं हीट गनने तापवून हळूहळू सोलली की निघतात. पण स्टिकरखालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो, बाकीचा उडालेला. म्हणून सकाळच्या तिरप्या उन्हात तीच अक्षरं पुन्हा स्पष्ट वाचता येतात. नाक्यावर लोक गाडीला वाट करून देतात, कुणी सलामही ठोकतो. आपल्या चालकाला ते आवडू लागलं तर पुढचा प्रकार फौजदारी आहे. दोन्ही दारं आणि बॉनेट पूर्ण रंगवून घ्या. गाडीचा मूळ रंगच बदलत असाल तर आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, त्याची नोंद हवी.

आता वायरी. इथे थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण गाडी पेटते ती इथे. लाइटबार, भोंगा, ध्वनिक्षेपक, वायरलेस संच, शोधदिवा हे सगळं मागाहून बसवलेलं असतं. शंभर वॅटचा भोंगा बारा व्होल्टवर आठ अँपिअरच्या वर ओढतो. एवढा भार कंपनीच्या वायरिंगवर टाकता येत नाही, म्हणून जाड वायरी थेट बॅटरीपासून, इंजिनामागच्या पत्र्याला भोक पाडून आत आणलेल्या असतात. उपकरणं काढताना या वायरी डॅशबोर्डखाली पकडीने तोडतात आणि टोकाला टेप गुंडाळतात. नीट ऐका: तुटलं ते उपकरणाकडचं टोक, बॅटरीकडून येणारा प्रवाह तसाच आहे. उन्हाने टेपचा गोंद वितळतो, टेप घसरते, उघडी तार लोखंडाला टेकते. फ्यूज असेल तर फ्यूज उडेल आणि सुटलो. पण कुणी उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा अडकवलेला असेल तर अख्खी वायर लाल होते. दुसरी जागा म्हणजे ते पत्र्याचं भोक. तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं, नसेल तर पत्र्याची धार हादऱ्यागणिक वायरीचं आवरण कापत राहते.

उपाय एकच. जादा वायर बॅटरीच्या टोकापासून सोडवायची आणि शेवटपर्यंत ओढून बाहेर काढायची. डॅशबोर्डखाली शोधाशोध करू नका, बॅटरीच्या धन टोकावर किती वायरी आहेत ते मोजा. कंपनीच्या कुठल्या आणि मागाहून आलेल्या कुठल्या, ते जाडीवरून आणि रंगावरून कळतं. रिकाम्या भोकात ग्रोमेट बसवा. मग गाडी बंद असताना बॅटरीतून किती प्रवाह गळतो, त्याची मल्टिमीटरने चाचणी: सगळं बंद, दारं बंद, बॅटरीचं ऋण टोक सोडवून मधे अँपिअरवर लावलेला मीटर, अर्धा तास वाट. पन्नास मिलिअँपिअरपर्यंत चालेल. दोनशे दाखवलं तर साठ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण बारा दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. मीटर जोडलेला असताना गाडी मात्र चालू करू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

आणि मीटरचं बोलायचं तर, किलोमीटरच्या आकड्यावर भुलू नका. गस्तीची गाडी नाकाबंदीला तासन् तास इंजिन चालू ठेवून उभी असते. अमेरिकेत फोर्ड कंपनी पोलीस गाड्यांसाठी एक तास जागेवर चाललेलं इंजिन म्हणजे ३३ मैल, म्हणजे सुमारे ५३ किलोमीटर, असा हिशेब धरते. आपल्या डिझेल बोलेरोला हा आकडा जसाच्या तसा लागू नाही, पण अंदाज घ्या. रोज चार तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे बाराशे तास. त्या हिशेबाने वर्षाला सुमारे ६४ हजार किलोमीटर झाले, आणि मीटरवर त्यातला एकही नाही. जागेवर चाललेल्या डिझेल इंजिनात ईजीआर वाल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, काजळीने भरतो. इंजिन गरम झाल्यावर तेलाचं झाकण उघडून बघा. सतत धुराचा फुत्कार येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मागचे पाटेही बघा. जाळ्या आणि बंदोबस्ताचं सामान वाहून ते बसलेले असतात.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, आठ मिनिटं उरलीत. तर कायदा, भराभर.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा पंधरा. केंद्राने १६ जानेवारी २०२३ ला अधिसूचना काढून मोटार वाहन नियमांत ५२अ हा नियम घातला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. सरकारी गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षांनी संपते, नूतनीकरण नाही. गाडी जाते नोंदणीकृत भंगार केंद्रात. चिलखती आणि खास कामाच्या गाड्यांना सूट आहे, पण ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या वापरासाठी आहे, दानासाठी नाही. म्हणजे पंधरा वर्षांची पोलीस गाडी कुणी प्रेमाने देऊ केली तरी तुमच्या नावावर होणार नाही. हीच गाडी अकराव्या-बाराव्या वर्षी संस्थेच्या नावावर झाली, तर पंधरा वर्षांनंतर तपासणीत उतरल्यास खासगी गाडीसारखी पाच वर्षांसाठी नूतनीकरणाला पात्र असते. मोटारीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झालं आहे. म्हणून मागणी लवकर करा. निर्लेखनाच्या, म्हणजे सरकारी नोंदीतून गाडी कमी करण्याच्या, यादीची वाट बघू नका.

आरसी ठाण्याच्या नावावर नसते, वरच्या कार्यालयाच्या नावावर असते. ठाणेदाराचा शब्द पुरत नाही. सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा: निर्लेखनाचा एक, आणि गाडी संस्थेला देण्याचा दुसरा. नाव बदलण्यासाठी आरटीओचे अर्ज असे: थेट दान असेल तर नमुना २९ दोन प्रतींत आणि नमुना ३०. लिलावातून घेतली तर नमुना ३२, ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत. संस्थेकडून विश्वस्तांचा ठराव, त्यात सही कुणाची ते नावासकट. सरकारी गाडी म्हणून करमाफी होती का, हे आरटीओत आधी विचारा.

अधिकारी टाळाटाळ करत असतील तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल दाखवा. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर. हस्तांतर न करता किल्ली दिली तर उद्याचा दावा त्यांच्याच कार्यालयावर येईल. हे कळलं की फाइल हलते.

एखादा दाता लिलावात गाडी घेऊन देतो म्हणाला तर त्याला थांबवा. वस्तूच्या दानावर दात्याला प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, पैशाच्या दानावर मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. त्याने चेक द्यावा, बोली संस्थेने लावावी.

रुग्णवाहिकेचा बेत असेल तर सोडा. तशी नोंद करायची तर रुग्णवाहिकांसाठीच्या एआयएस-१२५ मानकाच्या अटी पाळाव्या लागतात आणि जुन्या जीपला ते झेपत नाही. औषधं, पुस्तकं, शिधा वाहायला मात्र ती उत्तम.

शेवटचं, विमा. सरकारच्या मालकीच्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये सक्तीच्या विम्यातून सूट आहे. त्यामुळे या गाडीला आजवर विमाच नसेल, अशी शक्यता धरूनच चाला. ताबा घेण्याच्या दिवसापासूनची पॉलिसी आधी हातात ठेवा आणि मगच गाडी आवाराबाहेर काढा. विमा झाला नसेल तर त्या दिवशी नुसतं कागदावर ताबा घ्या, गाडी टोइंगने आणा. आता प्रश्न विचारा, आणि ज्यांच्याकडे गाडीचा नंबर आहे त्यांनी एम-परिवहन या सरकारी ॲपवर नोंदणीची तारीख काढून ठेवा. तिच्यावरूनच उत्तर देता येईल.