गवत कापण्याच्या यंत्राचा आवाज बदलतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

जुलैच्या पावसाने सातारा जिल्ह्यातल्या शाळांची मैदाने, पाचगणी-महाबळेश्वरच्या बंगल्यांची आवारे आणि सोसायट्यांच्या बागा गवताने भरून गेल्या की कित्येक महिने खोलीत पडून असलेले ढकलते मोअर, म्हणजे गवत कापण्याचे यंत्र, बाहेर निघते, आणि लगेच कानावर येते ती त्याच्या आवाजाची तक्रार. ‘एवढे मैदान उरकू, मग बघू’ असे म्हणून यंत्र तसेच रेटू नये, हे मला आज कळकळीने सांगायचे आहे. बहुतेक पेट्रोल मोअरमध्ये पाते इंजिनाच्या दांड्यालाच जोडलेले असते आणि ते मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेते. त्या वेगाने फिरणारा पोलादाचा पट्टा ढिला किंवा वाकडा असेल, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही.

यंत्र बंद करून पाते पूर्ण थांबू द्यावे आणि ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवावी. ही पायरी कधीही गाळू नये, कारण पाते हाताने फिरवले की पिस्टनही हलतो आणि एका ठिणगीने इंजिन उचल खाऊ शकते. मग एअर फिल्टरची बाजू वर राहील अशा बेताने यंत्र कलते करावे. उलट बाजूला कलंडल्यास इंजिनातले ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरते आणि नवेच दुखणे मागे लागते.

खडखडीबरोबर मुठीतून हाताला थरथर जाणवत असेल, तर दोष बहुधा पात्यात असतो. आपल्याकडे पावसाने माती वाहून गेली की जांभ्याचे नाहीतर काळ्या दगडाचे टोक गवताखाली उघडे पडते, आणि पाते त्याच्यावर आदळले की त्याचे एक टोक वाकते किंवा त्याचा टवका उडतो. पाते सोडवून त्याचे मधले भोक भिंतीतल्या खिळ्यावर अडकवावे आणि पाते आडवे धरून सोडावे. एक बाजू खाली झुकली, तर तीच जड आहे. तेवढीच कानशीने घासून तोल साधावा. वाकलेले पाते मात्र ठोकून सरळ करू नये, कारण अशा पात्याला चीर जाण्याचा धोका असतो. ते टाकून नवे बसवावे आणि बोल्ट पान्याने पक्का आवळावा.

नवे पाते बसवूनही थरथर तशीच राहिली, तर प्लगची टोपी काढलेलीच ठेवून यंत्र सुरू करायची दोरी सावकाश ओढायला एकाला सांगावे आणि आपण दुरून पात्याच्या बोल्टकडे पाहावे. बोल्टचे डोके जागेवर न फिरता डगमगत असेल, तर इंजिनाचा दांडाच वाकला आहे, असे समजावे. ते यंत्र पुन्हा सुरू करू नये.

दगड लागल्यानंतर दोरी हाताला उलटा झटका देत असेल किंवा सायलेन्सरमधून फटाके वाजत असतील, तर फ्लायव्हीलची चावी, म्हणजे इंजिनाचे जड चाक दांड्यावर जागेवर धरून ठेवणारा छोटा तुकडा, तपासावी. बऱ्याच इंजिनांत ही चावी मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. ती किंचित जरी कातरली, तरी ठिणगीची वेळ चुकते. चावी स्वस्त असते, पण तिच्या जागी लोखंडी तुकडा ठोकला, तर पुढचा आघात थेट दांड्यावर जातो.

गवतात शिरल्यावरच आवाज दबत आणि घोगरा होत असेल, तर पात्यावरच्या झाकणाखाली ओल्या गवताचा थर बसलेला असतो. तो लाकडी पट्टीने खरवडावा. सुटी खडखड ऐकू येत असेल, तर इंजिनाचे आणि सायलेन्सरचे बोल्ट पाहावेत.

इंजिनाचा आवाज आपोआप चढत-उतरत राहणे, हे आपल्याकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला फार आढळते. मागच्या हंगामातले पेट्रोल टाकीत राहून चिकट झालेले असते, त्यातले इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचे बारीक छिद्र बुजते. जुने पेट्रोल काढून कार्ब्युरेटर साफ करून घ्यावा.

इंजिनाच्या पोटातून येणारी धातूची ठकठक मात्र सर्वांत गंभीर समजावी. तेव्हा प्रथम ऑइलची पातळी दाखवणारी काडी पाहावी. पाचगणीसारख्या चढउताराच्या जागी, विशेषतः १५ अंशांहून अधिक उतारावर, ऑइल एका बाजूला जाते आणि आतले भाग कोरडे घासू लागतात. ऑइल पुरेसे असूनही ठकठक चालूच राहिली, तर इंजिन पुन्हा सुरू न करता यंत्र मेस्त्रीकडे न्यावे. आवाज गार इंजिनात येतो की तापल्यावर, मोकळ्यावर येतो की गवतात, आणि त्याआधी दगड लागला होता का, एवढे त्याला नीट सांगावे.