दमेकरी मुलांपर्यंत फ्लूची लस

आपण पाहत आहात तो या दवाखान्यातला लस साठवण्याचा फ्रिज. आतले तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यानच राहावे लागते, म्हणून परिचारिका तापमापकावरचा आकडा रोज वहीत नोंदवते. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी लसीची नवी शिफारस करते, आणि दमा असलेल्या मुलाला दर वर्षी पुन्हा टोचून घ्यावे लागते.

फ्लूमुळे दमा बळावतो, न्यूमोनिया होऊ शकतो आणि काही मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागते.

आता टेबलावरची ही यादी पाहा. दम्याची नोंद आहे, पण लस झालेली नाही, अशी मुले तिच्यात आहेत. यादी वरून खाली वाचत फोन केले, तर ज्यांचा फोन लागतो आणि ज्यांना कामावरून रजा मिळते, त्यांचीच मुले आधी येतात. उरलेल्यांना ‘निष्काळजी पालक’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. येथे क्रम बदलला आहे. दम्याच्या झटक्याने तातडीच्या विभागात येऊन गेलेल्या मुलांच्या घरी पहिला फोन जातो, तोही त्या घरच्या भाषेत, आणि वेळ संध्याकाळची किंवा सुट्टीच्या दिवसाची दिली जाते.

डॉक्टरांनी स्थायी आदेश देऊन ठेवल्यामुळे परिचारिकेला प्रत्येक मुलासाठी वेगळी चिठ्ठी लागत नाही. मूल इनहेलर संपला म्हणून आले असले, तरी त्याच भेटीत लस दिली जाते. साधी सर्दी असेल तर परत पाठवण्याचे कारण नाही. ‘लसीनेच फ्लू झाला तर?’ या आईच्या प्रश्नावर परिचारिका कुपी हातात धरूनच सांगते, की टोचायच्या या लसीत जिवंत विषाणू नसतो. नाकात फवारायची लस जिवंत, पण दुर्बल केलेल्या विषाणूंची असते, आणि दमा असलेल्या लहान मुलांसाठी ती टाळतात.

सहा महिने ते आठ वर्षे वयाच्या मुलाला पहिल्यांदाच लस देताना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. म्हणूनच दंडावरचा कापसाचा बोळा निघण्याआधी दुसऱ्या मात्रेची तारीख कार्डावर लिहिली जाते, आणि त्या दिवशी मूल आले नाही, तर त्याचे नाव पुन्हा यादीच्या सुरुवातीला येते.